रेषेची पाठ : भूमिगत व्यंगचित्रातील पात्र आणि त्याची मूर्ती

१

साहित्यकृतीचे माध्यमांतर हा विषय मराठी समीक्षेला नवा नाही. कादंबरीचे नाटक, नाटकाचा चित्रपट, पुराणकथेचे आख्यान अशा रूपांतरांची चर्चा दीर्घकाळ होत आली आहे. या चर्चेत एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते. माध्यम बदलले तरी कथानकाचा काही अंश टिकून राहतो आणि पात्राची ओळख त्या अंशावरूनच पटते, हे ते गृहीत होय. परंतु रूपांतराचा एक प्रकार असाही आहे, की ज्यात कथानक सर्वस्वी गळून पडते आणि पात्राची आकृती तेवढी उरते. चित्रमालिकेतील पात्राची बाहुली घडवली जाते, ती ठरावीक संख्येने विकली जाते आणि संग्राहकाच्या फडताळात जाऊन बसते, तेव्हा हा प्रकार घडतो.

चित्रमालिका आणि खेळणे यांचा संबंध चित्रमालिकेइतकाच जुना आहे. आर. एफ. आउटकॉल्ट यांचा पिवळ्या झग्यातील मुलगा १८९५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात अवतरला आणि अल्पावधीतच नाना प्रकारच्या विक्रेय वस्तूंवर त्याची छबी दिसू लागली. मिकी माउसच्या कापडी बाहुल्या १९३० मध्ये बाजारात आल्या. बाजारपेठेसाठीच निर्माण झालेल्या पात्रांनी बाजारपेठेत वस्तुरूप घेतले, यात विरोधाभास नव्हता. विरोधाभास निर्माण झाला तो पुढे, जेव्हा बाजारपेठेला आणि तिच्या नीतिकल्पनांना नाकारून जन्मलेल्या अमेरिकन 'अंडरग्राउंड' व्यंगचित्रकारांची पात्रेही व्हिनाइलच्या संग्राह्य मूर्ती होऊन विकली जाऊ लागली तेव्हा. प्रतिष्ठितांच्या नजरेआड छापलेली रेषा काचेच्या कपाटात मांडली जाते, तेव्हा तिचे नेमके काय होते, हा येथील प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार सातारा आणि सांगली या प्रदेशाच्या संदर्भात करण्यास कारण आहे. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झालेला आणि १९६० मध्ये 'सांगली' हे नाव मिळालेला जिल्हा, आणि त्याचा मूळ सातारा जिल्हा, यांनी मिळून बनलेल्या या प्रदेशात व्हिनाइलच्या अशा खेळण्यांची परंपरा निर्माण झाली असा दावा येथे नाही. परंतु 'भूमिगत' या शब्दाला मराठीत जो अर्थ आहे, त्याचा मोठा भाग या प्रदेशाने दिला आहे. रेखनापासून ओतीव वस्तूपर्यंतचा प्रवास येथील एका कारखान्याने प्रत्यक्ष घडवला आहे. आणि आकृती व प्रसंग यांचे नाते जपणाऱ्या बाहुल्यांच्या दोन परंपराही येथे आढळतात. दूरच्या एका घटनेचे आकलन करून घेण्यासाठी ही सामग्री पुरेशी आहे.

२

प्रथम 'भूमिगत' या विशेषणाचा विचार करावयास हवा. अमेरिकेत १९५४ मध्ये चित्रकथा-प्रकाशकांनी स्वतःहून एक आचारसंहिता स्वीकारली. तिची मोहोर नसलेले अंक वितरक व दुकानदार सहसा स्वीकारत नसत. हिंसा, लैंगिकता, मादक पदार्थ, शासनसंस्थेची टवाळी असे सर्व विषय त्यामुळे चित्रकथेतून हद्दपार झाले. १९६८ मध्ये रॉबर्ट क्रंब यांच्या 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट स्ट्रीटवर लहान मुलाच्या ढकलगाडीतून विकला गेला. या विक्रीपद्धतीला केवळ दंतकथेचे मूल्य नाही. मोहोर टाळायची तर वितरकही टाळावा लागतो, आणि वितरक टाळायचा तर वाचकाच्या हाती अंक स्वतः नेऊन द्यावा लागतो. अंडरग्राउंड चित्रकथेचे वेगळेपण तिच्या आशयात होते तितकेच या हस्तांतरातही होते.

सातारा-सांगलीच्या मातीत 'भूमिगत' म्हटले की वेगळेच चित्र उभे राहते. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात येथे प्रतिसरकार उभे राहिले. वाळवा, कुंडल आणि आसपासची गावे हे त्याचे बालेकिल्ले होते. या संदर्भात भूमिगत म्हणजे ज्याच्या नावावर पकड-वॉरंट आहे, ज्याला गाव ओळखते पण पोलिसांना ओळखू द्यावयाचे नाही, असा माणूस. त्याची सुरक्षितता त्याच्या आकृतीचे चित्र न होण्यात होती. अमेरिकन व्यंगचित्रकाराचे भूमिगतपण याच्या उलट होते. जी आकृती दाखवू नये असा संकेत होता, ती दाखवण्यात ते होते. दोहोंची जोखीमही सारखी नाही. एकीकडे फाशी, तुरुंग आणि गोळी होती, तर दुसरीकडे फार तर अश्लीलतेचा खटला. त्यामुळे एकाच शब्दाखाली दोहोंना सरसकट आणणे हे इतिहासाशी बेइमानी करणारे ठरेल.

तरीही या दोन अर्थांच्या मुळाशी एक साम्य आहे. भूमिगत बुलेटिन असो की चित्रकथेचा अंक, तो कोण कोणाच्या हाती देतो यावर त्याचे भूमिगतपण अवलंबून असते. देणारा आणि घेणारा यांच्यात विश्वासाचा एक अलिखित करार असतो. म्हणजेच 'भूमिगत' हे विशेषण आकृतीचे नसून अभिसरणाचे आहे. हे मान्य केले तर एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. क्रंब यांच्या 'मिस्टर नॅचरल' या लांब दाढीच्या, साधू की भोंदू हे कधीच न ठरणाऱ्या पात्रात स्वतंत्रपणे 'भूमिगत' असे काही नाही. दाढी, झगा आणि मोठी पावले ही केवळ चिन्हके होत. त्यांना अर्थ लाभतो तो तो साधू कोणत्या प्रसंगी, कोणाला, काय सांगतो यावरून, आणि तो प्रसंग कोणत्या वाटेने वाचकापर्यंत येतो यावरून. आकृती उचलून दुसऱ्या वाटेवर ठेवली की विशेषण मागे राहते.

३

आकृती उचलली जाते म्हणजे प्रत्यक्ष काय होते, हे पाहिल्याखेरीज ही चर्चा केवळ तात्त्विक राहील. कागदावरील पात्राला समोरची बाजू असते, कधी कडेची असते. पाठ ही त्याला प्रसंगाच्या गरजेपुरतीच लाभते, आणि पुष्कळदा ती परस्परविसंगत असते. मिकी माउसचे कान हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मुख कोणत्याही दिशेला वळो, कान दोन पूर्ण वर्तुळेच राहतात. कागदावर हे खटकत नाही. मातीत ते घडवू गेल्यास कान कोठे बसवावयाचे हा प्रश्न मूर्तिकारासमोर उभा राहतो. चित्रकाराने ज्या गोष्टीचा निर्णय कधी घेतलेलाच नाही, त्या प्रत्येक गोष्टीचा निर्णय मूर्तिकाराला घ्यावा लागतो. मानेची मागची बाजू, कोटाची शिवण, पायाचा तळवा हे सारे त्याचे असते. या अर्थाने मूर्तीची पाठ ही मूर्तिकाराची संहिता आहे. खरेदीदार मात्र तिलाही चित्रकाराचीच मानतो.

दुसरे बंधन द्रव्याचे. मऊ व्हिनाइलची मूर्ती घडवताना प्रथम मातीत वा मेणात मूळ प्रतिमा करतात. तिच्यावरून विद्युत्-विलेपनाने धातूचा पोकळ साचा तयार होतो. साच्यात पातळ व्हिनाइल ओतून तो तापवला की भिंतीलगतचा थर घट्ट होतो. उरलेला द्रव ओतून टाकतात आणि गरम, लवचीक झालेला अवयव साच्याच्या तोंडातून पकडीने ओढून काढतात. म्हणून डोके, धड आणि हात वेगवेगळे ओतावे लागतात व मागाहून जोडावे लागतात. या प्रक्रियेला गोलाई मानवते, फुगीर गाल मानवतात. काडीसारखे पाय आणि सुईसारखी बोटे तिला अडचणीची वाटतात. क्रंब यांच्या चित्रांचा प्राण असलेली उभ्या-आडव्या बारीक रेषांची जाळी तर साच्यात येऊच शकत नाही. त्या जाळीने कागदावर घाम, मळ, वय आणि संकोच यांचा आभास निर्माण केलेला असतो. व्हिनाइलच्या सपाट रंगात त्वचा स्वच्छ होते. पात्र नव्हे, तर पात्राची अस्वच्छता साच्याबाहेर राहते. हे कोणाच्या कटामुळे होत नाही, द्रव्याच्या स्वभावामुळे होते. समीक्षेने 'बाजाराने विद्रोह गिळला' असे म्हणण्यापूर्वी ही साधी गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

रेखनापासून ओतीव वस्तूकडे जाण्याच्या या मार्गाचा मराठीतील एक ठळक अध्याय किर्लोस्करवाडीत घडला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. रंगांधळेपणामुळे त्यांना ती सोडावी लागली आणि ते यांत्रिक रेखनाकडे वळले. १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या, कुंडलजवळच्या माळरानावर त्यांचा कारखाना उभा राहिला. तेथे नांगराचे रेखन, त्यावरून लाकडी नमुना, नमुन्यावरून वाळूतील साचा आणि साच्यातून ओतीव भाग ही साखळी रोजची झाली. याच वसाहतीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते, आणि 'टाकांच्या फेकी' या नावाने त्यांची व्यंगचित्रे प्रसिद्ध आहेत. म्हणजे एकाच वसाहतीत ओतशाळा आणि व्यंगचित्र यांचा शेजार होता. तरीही शंकररावांच्या व्यंगचित्रांनी ओतशाळेची वाट धरली नाही.

याचे एक कारण रेखनाच्या दोन प्रकारांत सापडते. यांत्रिक रेखनात वस्तूच्या सर्व बाजू आधीच ठरलेल्या असतात. समोरून, वरून आणि कडेने असे तिन्ही दर्शने कागदावर मांडून झाल्याखेरीज नमुना करणाऱ्या सुताराला हात घालता येत नाही. त्या रेषेला पाठ असते, किंबहुना पाठ असण्यासाठीच ती काढलेली असते. व्यंगचित्राची रेषा याच्या विरुद्ध टोकाची आहे. रूढी, बुवाबाजी, जातिभेद यांवर टाक फेकणाऱ्या चित्रात माणूस त्या क्षणापुरता आणि त्या विसंगतीपुरता काढलेला असतो. क्षण संपला की त्याची बाकीची बाजू अस्तित्वातच नसते. व्हिनाइलचे खेळणे घडवणे म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या रेषेला पहिल्या प्रकारची मानून तिचा नमुना करणे होय. आज असे खेळणे घडवताना पात्राची समोरून, मागून आणि कडेने दिसणारी आकृती प्रथम कागदावर मांडून घेतात. व्यंगचित्र खेळण्याच्या वाटेला लागते, ते या कागदावरच.

४

अंडरग्राउंड चित्रकारांपैकी क्रंब यांना आकृतीच्या या पळवणुकीचा अनुभव लवकर आला. 'झॅप'च्या पहिल्या अंकातील, मोठी पावले टाकत चालणाऱ्या माणसांचे त्यांचे चित्र १९७० च्या दशकात परवानगीवाचून असंख्य वस्तूंवर छापले गेले आणि त्याच्या प्रताधिकाराचा वाद न्यायालयात गेला. त्यांच्या 'फ्रिट्झ' या बोक्यावर राल्फ बक्षी यांनी १९७२ मध्ये चित्रपट काढला. तो क्रंब यांना मुळीच रुचला नाही. त्याच वर्षी त्यांनी एका कथेत फ्रिट्झचा खून घडवून आणला. पात्रावरील आपला अधिकार सिद्ध करण्याचा चित्रकाराजवळचा हा अखेरचा मार्ग होता. रेषेने जन्माला घातलेल्याला रेषेनेच मारता येते. साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या बाबतीत हा मार्ग बंद होतो. तिच्या आयुष्यात पुढचा प्रसंग नसतो, म्हणून मृत्यूचा प्रसंगही नसतो.

याच काळातील दुसरी घटना उलट दिशेची आहे. डॅन ओ'नील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये 'एअर पायरेट्स फनीज' या अंकांत डिस्नेची पात्रे घेऊन त्यांना निषिद्ध प्रसंगांत उतरवले. बालकांच्या खेळण्यांत रूपांतरित झालेल्या आकृतीला पुन्हा प्रसंगात खेचण्याचा हा खटाटोप होता. डिस्नेने खटला भरला, आणि १९७८ च्या अपील-निर्णयात पात्रांच्या प्रताधिकाराचा भंग झाल्याचे मान्य झाले. या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे कायद्याची दृष्टी स्पष्ट होते. कायद्याच्या लेखी आकृती ही मालमत्ता आहे, प्रसंग हा तिचा केवळ वापर आहे. अंडरग्राउंड चित्रकारांच्या लेखी मात्र प्रसंग हाच प्राण होता, आकृती कोठूनही घ्यावी. संग्राह्य खेळण्याची सारी व्यवस्था पहिल्या दृष्टीवर उभी आहे.

ती व्यवस्था आजच्या रूपाला आली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस, हाँगकाँग आणि टोकियो येथे. मायकेल लाऊ यांची 'गार्डनर' ही चित्रमालिका १९९८ पासून हाँगकाँगच्या 'ईस्ट टच' या साप्ताहिकात येत होती. १९९९ मध्ये त्यांनी तिच्यातील पात्रांच्या बाहुल्या घडवून प्रदर्शनात मांडल्या, आणि शहरी कलाखेळण्यांच्या प्रवाहाचा उगम तेथे मानला जातो. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बसथांब्यांवरील जाहिराती उचलून, त्यांवर चोरून चितारून त्या परत लावणाऱ्या 'कॉज' या चित्रकाराची 'कम्पॅनियन' ही व्हिनाइलची मूर्ती टोकियोतून मर्यादित संख्येने निघाली. टोकियोच्याच 'प्रेसपॉप'ने जिम वुडरिंग आणि डॅनियल क्लोज यांसारख्या पर्यायी प्रवाहातील चित्रकथाकारांच्या पात्रांना मूर्तिरूप दिले. २००२ मध्ये अमेरिकेत 'किडरोबॉट' सुरू झाले आणि हा व्यवहार स्थिरावला.

या व्यवहाराचे मर्म संख्येत आहे. साच्यातून हजारो प्रती निघू शकत असताना पाचशेच काढावयाच्या, हा निर्णय तंत्राचा नसून अर्थकारणाचा आहे. वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३० च्या दशकात यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय क्षीण होते असे प्रतिपादन केले होते. येथे पुनर्निर्मिती हेतुतः अडवून ते वलय कृत्रिमपणे निर्माण केले जाते. 'झॅप'चा अंक स्वस्त होता, कारण तो अधिकांच्या हाती जावयाचा होता. मूर्ती महाग आहे, कारण ती अधिकांच्या हाती जावयाची नाही. ढकलगाडी आणि काचेचे कपाट यांतील हे अंतर आशयाच्या कोणत्याही बदलापेक्षा मोठे आहे.

संग्राहकाची वृत्तीही येथे लक्षात घ्यावयास हवी. बोदलेअर यांनी १८५३ च्या खेळण्यांवरील निबंधात मूल खेळणे फोडते ते त्याच्यातील आत्मा शोधण्यासाठी, असे सुचवले होते. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये लाकडी खेळण्याची ऊब आणि प्लास्टिकची परकी गुळगुळीतता यांतील भेद दाखवला. परंतु दोघांच्याही मनात खेळणारे मूल होते. संग्राहक खेळणे फोडत नाही, पुष्कळदा त्याचे खोकेही उघडत नाही. खेळण्यापासून खेळ वजा केला की जे उरते, ते त्याला हवे असते. म्हणून या वस्तूला खेळणे म्हणावे की मूर्ती म्हणावी, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही.

५

महाराष्ट्रात व्यंगचित्रातील पात्र घनरूप झाल्याचे सर्वांत परिचित उदाहरण आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'चे आहे. लक्ष्मण भूमिगत चित्रकार नव्हते. देशातील एका बलाढ्य इंग्रजी दैनिकाच्या पहिल्या पानावर त्यांचे स्थान होते. परंतु आकृती आणि प्रसंग यांच्या नात्याचा प्रश्न येथे अधिकच उघडपणे दिसतो. १९५१ पासून चौकडीचा कोट, धोतर, चष्मा आणि झुपकेदार मिशी अशा वेषात हा माणूस रोज कोठल्या तरी प्रसंगाच्या कडेला उभा असे. तो बोलत नसे. मंत्री, अधिकारी, कंत्राटदार बोलत, आणि तो पाहत असे. म्हणजे त्याचे सारे अस्तित्व त्याच्या नजरेसमोरच्या घटनेवर अवलंबून होते. तो साक्षीदार होता.

२००१ मध्ये पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेच्या आवारात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. पुढे मुंबईत वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावरही तो आला. मध्यंतरी एका स्वस्त विमानसेवेनेही त्याला आपला प्रतिनिधी केले. पुतळ्यात कोट आहे, चष्मा आहे, उभे राहण्याची ढब आहे. समोरचा प्रसंग तेवढा नाही. ज्या माणसाने कधी घोषणा केली नाही तो चौथऱ्यावर चढला, आणि ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते हेच ज्याचे वैशिष्ट्य होते, त्याच्याकडे येणारे-जाणारे पाहू लागले. पाहणारा पाहिला जाणारा झाला. येथे उपहास नाहीसा झाला असे म्हणणे पुरेसे नाही. साक्षीदाराला साक्ष देण्यासाठी काही उरलेच नाही, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. भूमिगत पात्राच्या व्हिनाइल मूर्तीचेही असेच होते. फरक इतकाच, की पुतळ्यासमोरून निदान रस्त्याचे जीवन वाहत असते, फडताळातील मूर्तीसमोर दुसरी मूर्ती असते.

६

मूर्तिकरणात प्रसंग गळून पडणे हे अटळ आहे काय? सातारा-सांगलीची सामग्री या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देते.

पहिले उदाहरण सांगलीचे. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' सादर केले, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासातील सर्वज्ञात प्रकरण आहे. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, ही बाब मात्र नाट्येतिहासाच्या तळटीपेत राहिली. त्या बाहुल्या रामदास पाध्ये यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या. कळसूत्री बाहुलीला पाठ असते, सांधे असतात, रंग असतो. तथापि ती स्वतःहून पात्र होत नाही. सूत्र हलले, आख्यान सुरू झाले की ती राम होते वा रावण होते, आणि खेळ संपला की पुन्हा लाकूड होते. तिचे पात्रपण सूत्रधाराने प्रत्येक वेळी नव्याने द्यावे लागते. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांच्या घरी हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. तेथे एकाच परंपरेत पोथीतील रंगवलेली चित्रे, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि लाकडी कळसूत्री बाहुल्या नांदतात. रामकथेतील आकृती कागदावरून चामड्यात आणि चामड्यातून लाकडात जाते, पण कोठेही कथनापासून तुटत नाही. द्रव्य बदलते, सांगणारा बदलत नाही.

दुसरे उदाहरण कोणत्याही इतिहासग्रंथात न शिरलेले, पण या दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक गल्लीत दिवाळीला दिसणारे आहे. मुले दगड, माती आणि पोती यांचा किल्ला रचतात, त्यावर अळीव वा मोहरी पेरतात आणि बाजारातून आणलेल्या मातीच्या आकृती मांडतात. या आकृतींना बोलीत 'चित्रे' म्हणतात. प्राचीन शिल्पग्रंथांच्या परिभाषेशी या बोलीचा चकित करणारा मेळ बसतो. त्यांतील काहींत सर्वांगाने घडवलेल्या मूर्तीला 'चित्र', अर्ध्या उठावाच्या मूर्तीला 'अर्धचित्र' आणि रंगवलेल्या आकृतीला 'चित्राभास' अशी नावे आहेत. त्या दृष्टीने पाहता रेषेतील पात्र हे मूळ नि मूर्ती ही त्याची नक्कल, हा क्रमच उलटा होतो. किल्ल्यावरच्या चित्रांत सिंहासनावरील शिवाजी महाराज असतात, मावळे असतात, आणि त्यांच्या शेजारी बैलगाडी, भाजीवाली, वाघ आणि क्वचित आधुनिक शिपाईही असतो. ती साच्यातून निघतात, स्वस्त असतात, त्यांची पाठ पुष्कळदा सपाट व बिनरंगी असते. प्रमाणाचा मेळ नसतो. मावळ्यापेक्षा कोंबडी मोठी असते.

तरीही येथे प्रसंग आहे. पहारेकरी कोठे ठेवावयाचा, तोफेचे तोंड कोणीकडे करावयाचे, वाघाची गुहा कोणत्या बाजूला, हे दरवर्षी नव्याने ठरते. मांडणारे मूल हाच येथे चित्रकथाकार असतो. दिवाळी सरते, किल्ला ढासळतो आणि चित्रे खोक्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवली जातात. हाही संग्रहच आहे. पण तो बंद करून ठेवण्यासाठी नसून पुन्हा उघडण्यासाठी आहे. तुटलेल्या हाताच्या मावळ्याचे मोल कमी होत नाही, त्याला जखमी म्हणून तटाखाली जागा मिळते.

७

या विवेचनातून पात्राच्या मालकीविषयीची रूढ कल्पना तपासून पाहावी लागते. समीक्षा चित्रकाराला पात्राचा स्वामी मानते. बाजार साच्याच्या धन्याला मानतो. तिसरा हक्कदार म्हणजे आकृती हाती घेऊन तिला प्रसंगात ठेवणारा माणूस होय. तो ढकलगाडीवरून अंक विकत घेऊन मित्राला देणारा वाचक असेल, सूत्र हलवणारा बाहुलीकार असेल वा किल्ला रचणारे मूल असेल. भूमिगत व्यंगचित्राचे सामर्थ्य या तिसऱ्या माणसावरील विश्वासात होते. संग्राह्य मूर्तीच्या व्यवस्थेने पहिल्या दोघांत करार घडवून आणला, आणि तिसऱ्याला ग्राहक केले.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. परवानगीवाचून छापलेल्या वस्तूंनी क्रंब यांची लूटच केली. त्या तुलनेत चित्रकाराच्या संमतीने, त्याच्या देखरेखीखाली निघालेली मूर्ती त्याला निदान मोबदला आणि आकृतीवर काही ताबा मिळवून देते. भूमिगत राहणे हा कलावंतावर लादलेला आजन्म वनवास नव्हे. शिवाय क्रंब यांची रेषा स्वतःच जुन्या वृत्तपत्री चित्रमालिकांच्या, म्हणजे बाजारासाठी घडलेल्या कलेच्या संस्कारातून आलेली आहे. तेव्हा शुद्ध विद्रोहाचे भ्रष्ट वस्तूत पतन, अशी नीतिकथा येथे रचता येत नाही. हा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. मोबदला हा आकृतीचा मिळतो, प्रसंगाचा मोबदला कोणत्याही करारात लिहिता येत नाही.

प्रतिसरकारच्या काळातील भूमिगतांची स्मारके आज या प्रदेशात गावोगाव आहेत. जी माणसे चेहरा लपवून वावरली, त्यांचे चेहरे आता चौकात आहेत. त्यांच्या बाबतीतही आकृती मिळाली आणि प्रसंग दूर गेला, असे म्हणता येईल. परंतु तेथे एक फरक आहे. त्या चौकात अजून कोणीतरी सांगणारा भेटतो. रात्री भाकरी कोणी पोहोचवली, निरोप कोणत्या वाटेने गेला हे तो सांगतो, आणि तेवढ्या वेळापुरता पुतळ्यासमोर प्रसंग पुन्हा उभा राहतो. व्हिनाइलच्या मूर्तीसमोर असा सांगणारा नाही, कारण ती विकत घेताना कोणी कोणाला काही सांगितलेले नसते. व्यंगचित्राच्या इतिहासकाराने मूर्तींची सूची करण्याआधी या सांगणाऱ्याचा शोध घेणे अगत्याचे आहे.